दर वेताला पिल्ले दगावतात: कारण कसे शोधावे आणि पुढच्या बाळंतपणाची तयारी कशी करावी

डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरी तांबडी नावाची गावठी कुत्री आहे. तिचे पहिले वेत चवथीच्या आदल्या रात्री झाले आणि सहापैकी चार पिल्ले तिसऱ्या पहाटेपर्यंत गेली. वर्षभराने झालेल्या दुसऱ्या वेतात एक पिल्लू वाटेतच अडकून मेले, दोन दुसऱ्या दिवशी थंड पडली आणि उरलेल्या तिघांना पाजत असताना बाराव्या दिवशी तांबडीलाच झटके आले. ज्याने त्याने आपापल्या परीने कारण सांगितले. कोणी तिचे दूध जड आहे म्हणाले, कोणी पडवीच्या त्या कोपऱ्याला दोष दिला, कोणी राखणदाराला नारळ ठेवायला सांगितले. नारळ आम्ही श्रद्धेने ठेवला. त्याचबरोबर दोन्ही वेतांत काय काय घडले ते आठवेल तसे दिवसवार कागदावर उतरवून पशुवैद्यांपुढे मांडले, आणि तेव्हा कळले की आम्ही ज्याला एकच संकट समजत होतो ती निरनिराळी संकटे होती आणि त्यांतली बहुतेक टाळता येण्यासारखी होती.

आधी वेळ पाहावी

ज्यांच्याकडे दोनदा-तीनदा असे झाले आहे, त्यांनी औषध शोधण्याआधी पिल्ले नेमकी कधी गेली ते लिहून काढावे, कारण वेळ कळली की कारणांची यादी एकदम आखूड होते. मिलनानंतर दीड महिना उलटल्यावर, पिल्ले पुरी वाढण्याआधीच गर्भ पडला असेल तर संसर्गाचा संशय धरावा. पुरी वाढलेली पिल्ले मेलेली जन्मली असतील तर कळा किती लांबल्या आणि मदत किती उशिरा मिळाली ते आठवून पाहावे. जिवंत जन्मलेली पिल्ले पहिल्या तीन दिवसांत गेली असतील तर थंडी, उपास किंवा आईखाली चिरडणे ही कारणे सर्वांत आधी तपासावीत. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गुटगुटीत पिल्ले अचानक मलूल होऊन गेली असतील तर जंत किंवा विषाणू यांच्याकडे वळावे.

दगावलेले पिल्लू लगेच पुरून टाकू नये. बंद पिशवीत घालून, मासळी आणायला वापरतो तशा थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात नेले, तर शवविच्छेदनातून जे कळते ते दहा अंदाजांतून कळत नाही. मात्र ते गोठू देऊ नये, कारण गोठलेल्या अवयवांची तपासणी नीट होत नाही.

गाभण आहे का, आणि तारीख कोणती

पहिली चूक बहुधा दिवस मोजण्यातच होते. ‘त्रेसष्ट दिवस’ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो कुठून मोजायचा हे फारसे कोणी सांगत नाही. बीज अंडाशयातून सुटल्यापासून ते 63 दिवस असतात, आणि त्यात एक-दोन दिवसांचाच फरक पडतो. मिलनाचा दिवस मात्र त्याच्या कितीतरी पुढे-मागे असू शकतो, कारण नराचे शुक्राणू मादीच्या पोटात पाच-सात दिवस जिवंत राहतात आणि सुटलेले बीज पक्व व्हायला आणखी दोन दिवस जातात. म्हणून पहिल्या मिलनापासून मोजल्यास प्रसूती 58व्या दिवसापासून 72व्या दिवसापर्यंत कधीही होऊ शकते. तांबडीचे पहिले मिलन आम्ही 28 जूनला पाहिले होते. तिथून 63 दिवस मोजून आम्ही 30 ऑगस्ट ही तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवली. खरे तर 25 ऑगस्टपासून 8 सप्टेंबरपर्यंतची प्रत्येक रात्र तयारीची असायला हवी होती. एका तारखेवर विसंबले की दोन प्रकारचे नुकसान होते: कुत्री लवकर व्याली तर जागा तयार नसते, आणि तारीख उलटली की घाबरलेला माणूस कळा आणण्याचे इंजेक्शन शोधायला निघतो.

ज्यांना नेमकी तारीख हवी असेल त्यांनी माज चालू असतानाच प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्तचाचणी पशुवैद्यांकडून करून घ्यावी. बीज कधी सुटले ते त्यावरून ठरवता येते. चपट्या तोंडाच्या जातींची, म्हणजे पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांची प्रसूती अनेकदा सिझेरियननेच करावी लागते, त्यामुळे त्यांच्या मालकांनी ही चाचणी टाळू नये.

गाभण असल्याची खात्री सोनोग्राफीने साधारण 28व्या दिवसापासून होते आणि पिल्लांच्या हृदयाची धडधडही पडद्यावर दिसते. पिल्लांची संख्या मात्र सोनोग्राफीत चुकते. ती मोजायची असेल तर 55व्या दिवसानंतर एक्स-रे काढावा, कारण तोवर हाडे पक्की होऊन कवट्या आणि मणके एकेक मोजता येतात. हा एक्स-रे मला सर्वांत मोलाचा वाटतो. पोटात पाच आहेत हे ठाऊक असेल तर चौथ्यानंतर कुत्री शांत झोपली तरी आपण निश्चिंत होत नाही. दुसऱ्या वेतात आम्हाला संख्याच ठाऊक नव्हती, आणि अडकलेले शेवटचे पिल्लू त्यामुळेच गेले.

पोट वाढले, सडांत दूध आले, कुत्री कोपरा उकरू लागली आणि तरीही पिल्ले झाली नाहीत, अशी तक्रारही वारंवार येते. तिला खोटे गाभणपण म्हणतात. कुत्रीच्या शरीराची रचनाच अशी आहे की माजानंतर सुमारे दोन महिने, पिल्ले असोत वा नसोत, संप्रेरके जवळजवळ सारखीच चालतात आणि ती उतरू लागली की दूध येते. हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरते. सड दाबून दूध काढत राहिले तर उलट लांबते. परंतु माजानंतर चार ते आठ आठवड्यांत कुत्री भांडेच्या भांडे पाणी पिऊ लागली, खाणे सोडून मलूल झाली, पोट फुगले किंवा मागून घाणेरडा स्राव येऊ लागला, तर ते गाभणपण समजून वाट पाहू नये. गर्भाशयात पू झाल्याची ती लक्षणे असतात. गर्भाशयाचे तोंड मिटलेले असेल तर स्राव दिसतही नाही, आणि अशा कुत्रीला त्याच दिवशी उपचार मिळाले नाहीत तर ती हाती लागत नाही.

थर्मामीटर काय सांगतो

कुत्रीचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. प्रसूतीआधी प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि त्याच्याबरोबर शरीराची उष्णताही काही तासांसाठी खाली येते. तापमान 99 अंशांखाली गेले की बहुतेक कुत्र्यांना पुढच्या 12 ते 24 तासांत कळा सुरू होतात. घरातला साधा डिजिटल थर्मामीटर यासाठी पुरतो, मात्र तो कुत्रीसाठी वेगळा ठेवावा. टोकाला खोबरेल तेल लावून तो गुदद्वारात साधारण एक इंच सरकवावा आणि बीप होईपर्यंत शेपूट हलक्या हाताने धरून ठेवावी.

तिसऱ्या वेताच्या वेळी आम्ही 56व्या दिवसापासून सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा नोंदी सुरू केल्या. वहीच्या त्या पानावर 101.2, 100.8, 101.0, 100.4 असे आकडे आहेत. ते पाहून काहीच कळत नाही असे वाटून माझ्या धाकट्या भावाने दोन दिवसांनी कंटाळा केला होता. पण हे रोजचे आकडे असल्याशिवाय घसरण ओळखू येत नाही. 61व्या दिवशी सकाळी 100.2 होते, दुपारी ती जेवणाजवळून उठून गेली म्हणून मी अवेळी मोजले तर 98.6 निघाले, आणि रात्री पुन्हा 99.8. दुपारची नोंद केली नसती तर आम्हाला घसरण कळलीच नसती. म्हणून शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीनदा मोजावे, असे मी आग्रहाने सांगेन. काही कुत्र्यांत ही घसरण नीट दिसत नाही, त्यामुळे तापमान उतरले नाही एवढ्यावरून ‘अजून वेळ आहे’ असा निष्कर्ष काढू नये. उलट, ते उतरून 24 तास झाले आणि कळांचे चिन्ह नसेल, तर दवाखान्यात जाण्याची वेळ झाली आहे हे निश्चित.

जागा

गोव्यात पावसाळ्यात व्यालेल्या कुत्रीची जागा हा प्रश्न साधा नाही. चिऱ्याच्या भिंतींना ओल सुटलेली असते, पडवीत पागोळ्यांचे तुषार येतात, सारवलेली जमीन गार असते आणि एकदा वारा सुटला की वीज किती तास जाईल ते सांगता येत नाही. आम्ही दोन्ही वेळा पडवीत गोणपाट अंथरले होते. गोणपाट ओल धरतो, आणि त्याच्या सुटलेल्या धाग्यांत पिल्लांचे पाय गुंततात. तिसऱ्या वेळी आतल्या खोलीत फळ्यांची पेटी केली. कुत्री आडवी पसरून झोपेल एवढी लांबी-रुंदी, पिल्ले बाहेर पडणार नाहीत पण आई सहज ओलांडेल एवढी कड, आणि तळ जमिनीपासून चार बोटे वर. पेटीच्या आतल्या बाजूने, तळापासून तीन-चार इंचांवर आणि भिंतीपासून तेवढीच पुढे, एक गोल काठी चारही बाजूंनी ठोकली. आई भिंतीला टेकून बसली तरी काठीमागे पिल्लाला जागा उरते आणि ते चिरडत नाही. तळाशी वर्तमानपत्रांचे थर आणि वर जुनी सुती चादर ताणून खोचावी. नुसत्या कागदावर पिल्लांचे पाय घसरतात.

कुत्रीला ही पेटी निदान दहा दिवस आधी दाखवून तिथेच झोपायची सवय लावावी. चवथीच्या दिवसांत तारीख येत असेल तर हे फार महत्त्वाचे आहे. पाहुणे, आरत्या आणि फटाके यांनी बिथरलेल्या कुत्रीच्या कळा मध्येच थांबतात, कारण भीतीने सुटणारे संप्रेरक कळांना आवर घालते. तांबडीने पहिल्या वेळी फटाक्यांच्या आवाजाने दोन पिल्ले तोंडात धरून लाकडांच्या राशीमागे नेली, आणि ती आम्हाला पहाटे सापडली. घरात सण असेल तर मागच्या बाजूची, दार लावता येणारी खोली तिला द्यावी आणि एकाच ओळखीच्या माणसाने जवळ बसावे.

किती वेळ थांबावे

कळांचा पहिला टप्पा 6 ते 12 तास चालतो आणि पहिलटकरणीत त्याहून लांबतो. ती धापा टाकते, थरथरते, चादर उकरते, पाठीमागे वळून पाहते, कधी ओकते. या वेळी तिला काही करायचे नसते आणि आपल्यालाही काही करायचे नसते. दुसऱ्या टप्प्यात पोट आवळून ती जोर देऊ लागते, आणि इथून मात्र घड्याळ समोर ठेवावे. प्रत्येक पिल्लाची वेळ आणि प्रत्येक वार पडली की नाही, हे वहीत लिहावे. दोन पिल्लांत साधारण अर्धा ते एक तास जातो. मध्ये ती शांत विसावली असेल तर त्याहून जास्तही जाऊ शकतो. पिल्लू मागच्या पायांनी आले तरी घाबरू नये, कुत्र्यांत ते नेहमीचेच आहे.

थांबू नये असे प्रसंग कोणते, ते मी दारामागे चिकटवून ठेवले होते. अर्धा तास सतत जोर देऊनही पिल्लू येत नाही. मंद कळा चालू असून दोन तास गेले. पोटात पिल्ले शिल्लक असताना चार तास काहीच हालचाल नाही. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट काळे पाणी गेले. हे शेवटचे लक्षण बहुतेकांना ठाऊक नसते. हिरवा रंग वारेतून येतो. पिल्लू आल्यावर तो दिसला तर ठीक, पण पिल्लाआधी दिसला तर वार सुटली आहे आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटला आहे असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी मिनिटे मोजावीत.

दुसऱ्या वेतात आम्ही नेमके इथे चुकलो. तीन तास वाट पाहिली आणि मग कोणीतरी आणून दिलेले ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणण्याचे इंजेक्शन, टोचले. पिल्लू अडकलेले असताना हे इंजेक्शन दिले तर गर्भाशय बंद वाटेवर जोर करते, पिल्लाचा श्वास कोंडतो आणि गर्भाशय फाटूही शकते. कळा मंदावण्याचे कारण कॅल्शियमची कमतरता आहे, थकवा आहे, की पिल्लू आडवे आहे, हे तपासल्याशिवाय ते कोणीही देऊ नये. एकच किंवा दोनच पिल्ले असतील तर कळा मुळात सुरूच न होण्याची शक्यता असते. एक्स-रेत तसे दिसले असेल तर सिझेरियनची तयारी आधीच ठेवावी. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, कोणते डॉक्टर शस्त्रक्रिया करतात आणि पावसात तिथवर नेणारी गाडी कोणाची, या तीन गोष्टी 55व्या दिवशीच ठरलेल्या असाव्यात. गावातून म्हापसा, पणजी किंवा फोंडा गाठेपर्यंत जो तास जातो, तो वाट पाहण्याच्या वेळेतून वजा करूनच निघावे.

पिल्लू आल्यावर आई पिशवी फाडते, नाळ तोडते आणि चाटते. मिनिटभरात तिने पिशवी फाडली नाही तर आपण नाकातोंडावरून ती दूर करावी, स्वच्छ कापडाने तोंड पुसून पाठ जोमाने चोळावी. पिल्लू उलटे धरून झटकू नये. मेंदूला इजा होते. नाळ तोडावी लागली तर पोटापासून एक इंचावर स्वच्छ दोऱ्याने बांधून पुढे कापावी आणि टोकाला बीटाडीन लावावे. वारा तिने एक-दोन खाल्ल्या तर चालते, सगळ्या खाल्ल्या तर जुलाब होतात.

ऊब आधी, दूध नंतर

आमची सर्वांत जास्त पिल्ले जिथे गेली, ते हे तीन दिवस. नवजात पिल्लाला पहिल्या आठवड्यात थरथरून स्वतःला गरम ठेवता येत नाही. ते जागेची ऊब घेते आणि आईची ऊब घेते. त्याचे स्वतःचे तापमान 95 ते 98 अंशांच्या आसपास असते, आणि ते 94च्या खाली गेले की आतड्याची हालचाल थांबते. अशा पिल्लाला आई अनेकदा दूर सारते आणि आपण समजतो की तिने टाकून दिले. मग मायेपोटी आपण त्याच्या तोंडात ड्रॉपरने दूध सोडतो. ते दूध पचत नाही, पोटात सडते किंवा श्वासनलिकेत जाते, आणि वाचण्यासारखे पिल्लू आपल्याच हातांनी जाते. पहिल्या वेतातल्या चारांपैकी निदान दोघांचे असेच झाले असावे, हे आज मला स्पष्ट दिसते आणि त्याचे वाईट वाटते.

थंड पडलेले पिल्लू आधी छातीशी, कपड्याच्या आत धरावे. तास-दोन तासांत हळूहळू गरम करावे, एकदम शेगडीजवळ नेऊ नये. ते चुळबुळ करू लागले, तोंडात बोट घातल्यावर चोखू लागले, की मगच आईच्या सडाला लावावे. पहिल्या आठवड्यात पेटीतल्या एका बाजूची हवा 85 ते 90 अंश फॅरनहाइट असावी. दुसरी बाजू थोडी गार असू द्यावी, म्हणजे आईला आणि पिल्लांना आपली जागा निवडता येते. वीज जाते म्हणून नुसत्या दिव्यावर अवलंबून राहू नये. आम्ही गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीच्या एका कडेला ठेवत होतो आणि दर तीन तासांनी पाणी बदलत होतो; एक गार झाली की दुसरी तयार. पिल्ले एकमेकांवर रास करून पडली तर त्यांना थंडी वाजत आहे, सगळी दूर दूर पसरून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त झाली आहे.

आईचा पहिला चीक पहिल्या दिवसातच, तोही जितका लवकर तितका, पोटात जायला हवा. रोगांशी लढणारी द्रव्ये त्यातून पिल्लाला मिळतात आणि पहिल्या दिवसानंतर आतडे ती आत घेत नाही. हे संरक्षण चांगले असावे म्हणून आईचे लसीकरण आणि जंतनाशक मिलनाआधीच झालेले असावे. गाभणपणात जिवंत विषाणूंची लस देत नाहीत.

आणि वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, त्यावर एक वाडगा, आणि प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा सैल धागा, एवढे पुरते. तिसऱ्या वेतातल्या हिरव्या धाग्याच्या पिल्लाच्या नोंदी मी इथे देतो: जन्मताना 262 ग्रॅम, दुसऱ्या दिवशी 250, तिसऱ्या दिवशी 247, बाकीची चारही तोवर 300च्या पुढे. पाहताना ते इतरांसारखेच दिसत होते. काट्याने मात्र सांगितले की ते मागच्या, दुधाने भरलेल्या सडांपर्यंत पोचतच नाही. आम्ही दर दोन तासांनी मोठ्या पिल्लांना पाच-दहा मिनिटे बाजूला काढून त्याला तिथे लावू लागलो आणि चौथ्या संध्याकाळी काटा 268 वर आला. पहिल्या दिवशी थोडे वजन उतरले तर चालते, पण दहा टक्क्यांहून जास्त उतरले किंवा दुसऱ्या दिवसानंतरही वाढले नाही तर तेच पहिले लक्षण समजावे. दहा दिवसांत वजन साधारण दुप्पट व्हावे. वरचे दूध द्यावेच लागले तर कुत्र्यांच्या पिल्लांसाठीची दूधभुकटी वापरावी. कुत्रीच्या दुधाच्या मानाने गाईच्या दुधात मेद आणि प्रथिने फार कमी पडतात. पाजताना पिल्लू पालथेच ठेवावे, माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नये.

कॅल्शियम, लाडू आणि धुरी

बाळंतिणीची काळजी घेण्याची आपली परंपरा प्रेमाची आहे, पण ती जशीच्या तशी कुत्रीला लावली तर अपाय होतो. दुसऱ्या गाभणपणात मी तांबडीला महिनाभर रोज कॅल्शियमचे औषध पाजले. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते काढून रक्तात आणणारी ग्रंथी मंदावते, आणि व्याल्यानंतर दुधासाठी एकदम मागणी वाढली की ती वेळेवर जागी होत नाही. रक्तातले कॅल्शियम कोसळते. तांबडी बाराव्या दिवशी दुपारी पिल्लांपासून उठली, पाय ताठ टाकत अंगणात फिरली, धापा टाकू लागली आणि तोंडाला फेस येऊन पडली. शेजारच्या काकी ‘पिसाळली की काय’ म्हणून मुलांना घरात घेऊन गेल्या. दवाखान्यात शिरेतून सावकाश कॅल्शियम दिल्यावर ती तासाभरात उभी राहिली. हा आजार पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत आणि जास्त पिल्ले असताना अधिक होतो. घरी त्यावर उपाय नाही; पिल्ले लगेच वेगळी करून गाडी काढावी.

डिंकाच्या लाडवांतल्या मनुका कुत्र्यांना विषारी असतात, तुपाने जुलाब लागतात, आणि ओव्या-शेपांची धुरी नवजात पिल्लांच्या फुप्फुसांना सोसत नाही. आहार पहिले पाच-सहा आठवडे नेहमीएवढाच ठेवावा. शेवटच्या तीन आठवड्यांत तो हळूहळू सव्वा ते दीडपट करावा आणि दिवसातून चार वेळा थोडाथोडा द्यावा, कारण भरलेल्या पोटात जठराला जागा उरत नाही. नुसती पेज आणि माशांची कालवणे यांवर गाभण कुत्रीचे भागत नाही. उकडलेले अंडे, कोंबडी, बिनकाट्याची मासळी, किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य तिला द्यावे. गोचीडतापावरचे डॉक्सीसायक्लिन आणि गोचिडींवरची अंगाला लावायची औषधे गाभणपणात स्वतःच्या मनाने वापरू नयेत.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाणारी पिल्ले

आपल्याकडच्या दमट लाल मातीत आकडेकृमी चांगले तग धरतात. ते आईच्या शरीरात दडून राहतात आणि दुधातून पिल्लांत उतरतात; दोन आठवड्यांची, अंगाने भरलेली पिल्ले एकाएकी मलूल होतात. ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी नसून पांढरीफटक असेल आणि शी काळपट असेल तर रक्त पिणारे हे जंतच असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच अंगणात दर वेताला असे होत असेल तर जवळजवळ खात्रीच. पशुवैद्यांच्या सल्ल्याने गाभणपणाच्या 40व्या दिवसापासून व्याल्यानंतर 14व्या दिवसापर्यंत आईला रोज फेनबेंडाझोल दिल्यास हा वारसा बराच तुटतो, आणि पिल्लांना दोन आठवड्यांचे झाल्यावर पहिले जंतनाशक द्यावे.

हिरडी गुलाबी आहे, पण पिल्ले अखंड रडतात, दूध सोडतात आणि दिवसभरात जातात, तेव्हा कुत्र्यांच्या हर्पिस विषाणूचा विचार करावा. तो गार शरीरात जोमाने वाढतो, म्हणूनही ऊब महत्त्वाची. एकदा लागण झालेल्या आईची पुढची वेते बहुधा सुखरूप होतात. तरी प्रसूतीच्या तीन आठवडे आधीपासून तीन आठवडे नंतरपर्यंत तिला वाड्यावरच्या इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे.

पन्नास दिवसांच्या आसपास गर्भ पडला असेल तर आई आणि नर दोघांचीही ब्रुसेला या जिवाणूच्या रोगाची चाचणी करावी. हा रोग माणसालाही लागतो, त्यामुळे पडलेला गर्भ आणि वार यांना हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने तिकडे जाऊच नये. यातून कुत्री पूर्ण बरी होण्याची खात्री देता येत नाही. चाचणी सकारात्मक आली तर तिला पुन्हा गाभण राहू देऊ नये. पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिसही गर्भपात घडवतो, पण त्याची लस आहे.

तांबडीची तिसऱ्या वेतातली पाचही पिल्ले वाचली. 2017च्या श्वानपैदास नियमांत आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास मनाई आहे. आम्ही विकत नव्हतो, तरी ती मुदत पाळून मगच त्यांना घरे दिली. त्यानंतर दूध आटल्यावर तांबडीची नसबंदी केली. तिचा झटक्यांचा आजार पुन्हा उलटण्याचा संभव होता आणि तो धोका तिच्यावर आणखी एकदा लादण्याची आमची तयारी नव्हती. हिरव्या धाग्याचे पिल्लू साखळी गावाला गेले. जाताना त्याचे वजन 3 किलो 900 ग्रॅम होते.